मॅनसचं लाल इंजिन

आमच्या मॅनसला गावात कुणी शहाणा म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ तो. लग्न केलं नाही, जन्मभर बस चालवली. आमच्या डोनेगल जिल्ह्यातली छोटी रेल्वे बंद पडली आणि तिच्या जागी जी बस आली, तीच ही बस. आणि घरी आला की मागच्या खोलीत बसून त्याच मेलेल्या रेल्वेची खेळण्याएवढी इंजिनं बनवायची! शेजारचा पॅकी पबमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचा, "मॅनस, खातोस बसचं आणि गातोस रेल्वेचं. लाज कशी वाटत नाही रे तुला?" मॅनस नुसता हसायचा. त्याच्या वाटचं भांडण मला करावं लागायचं.

बनवायची म्हणजे दुकानातून खोका आणून जोडायची, असं नव्हे. इंग्लंडच्या गाड्यांचे तयार भाग मिळतात हवे तेवढे. आमच्या इंजिनांना कोण विचारतो? सगळं हातानं करायचं. पितळेचा पत्रा कापायचा, वाकवायचा, कथलाचा डाग द्यायचा. पत्र्याच्या मागून सुई दाबून, पत्रे सांधणाऱ्या खिळ्याच्या डोक्यासारखा एकेक रिव्हेट उठवायचा, मोहरीच्या दाण्याहून बारीक. जुना फोटो भिंगाखाली धरून बघायचा, टाकीला कुठे पोचा होता, कुठला रिव्हेट गळून पडला होता. गळला होता ना? मग तो रिव्हेट मॅनस उठवणार नाही. देवदूत येऊन सांगू दे, तरी नाही.

रंगानं तर त्याची झोप उडवली. फोटो सगळे काळेपांढरे, मग गाडीचा लाल नेमका कसला? शेवटी त्याला पॅकीचं खुराडं आठवलं. रेल्वेचा लिलाव झाला तेव्हा पॅकीच्या बापानं एक डबा कोंबड्यांसाठी उचलला होता. मॅनस चाकू घेऊन गेला आणि दाराचा रंग थरामागून थर खरवडत बसला.

पॅकी ओरडला, "अरे, भेदरून कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या तर तू घालशील का?"

तळाशी तो लाल निघाला. नखाएवढा कपचा मॅनसनं रुमालात गुंडाळून आणला आणि मला दाखवला. हाच तो रंग. ह्याच लाल गाडीतून आमचा कॉन्डी गेला.

कॉन्डी आमचा थोरला. गाडीनं डेरीच्या बंदरात, तिथून बोटीनं ग्लासगोला कामाला, सगळ्यांचीच पोरं तशी जायची. तो एकोणीस वर्षांचा होता, मी अकरा, मॅनस सहा. कॉन्डी पुन्हा कधी आला नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांत बोगदे खणायचा. नाताळला कार्ड यायचं, चार ओळींचं. आई गेली, आला नाही. बाबा गेले, आला नाही. बाबांना अंगणातून उचललं तेव्हा खांदा द्यायला पॅकीला पुढे व्हावं लागलं. त्या दिवशी मी म्हटलं, मेला माझ्या लेखी कॉन्डी!

"तसं बोलू नको, सेली," मॅनस म्हणाला. "गाडी पुरी झाली की मी बोलावतो त्याला. बघितल्यावर आठवेल त्याला सगळं. मग नाही जायचा."

एवढ्यासाठी सगळा खटाटोप. दुसरी इंजिनं हात बसावा म्हणून. खरी गाडी ही एकच, कॉन्डी गेला त्या संध्याकाळची. मोठ्या फळीवर स्टेशन केलं, पुढचा थांबा केला आणि दोन्हींच्या मधे, रुळांच्या वरच्या अंगाला, आमचं घर. फलाटावर आई तपकिरी कोटात, बाबा, पांढऱ्या मोज्यांतली मी, आणि बाबांच्या खांद्यावर मॅनस. सगळे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. आणि डब्याच्या खिडकीत कॉन्डी, हात बाहेर काढलेला. किती वर्षं गेली त्यात! मॅनसचे केस पांढरे झाले.

गाडी पुरी झाली, मॅनसनं पत्र टाकलं आणि कॉन्डी आला एकदाचा. फुप्फुसांत बोगद्यांतली धूळ बसली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. मॅनस त्याला बसमधून घेऊन आला. उंच, वाळलेला, बोलणं पार स्कॉटिश झालेला म्हातारा. मी ठरवलं होतं, चांगलं फैलावर घ्यायचं. पण दारात उभा राहून तो धापा टाकत म्हणाला, "सेली, मोजे कुठे तुझे पांढरे?" आणि माझं सगळं ठरवलेलं गेलं वाहून. रडले मी.

चहा झाला, सोड्याचा पाव झाला. मग मॅनसनं त्याला मागच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. मॅनसनं खटका दाबला. लाल गाडी हलली, फलाट सोडून निघाली, आमच्या घराखालून गेली. कॉन्डी पुढे वाकून बघत होता. गाडी पुढच्या थांब्याला आली.

"थांबव," कॉन्डी म्हणाला. "इथे उतरलो मी."

मॅनस हसला. "अरे नाही, तू तर डेरीला..."

"उतरलो, मॅनस. तुम्ही दिसेनासे झालात आणि मी वासरासारखा हंबरायला लागलो. डब्यातल्या बायका बघायला लागल्या. नाही जायचं म्हटलं आणि उतरलो. रुळांवरून चालत मागे आलो. अंधार पडला होता, घरात दिवा होता. आत येण्याआधी खिडकीतून बघितलं." त्याला खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. "तुम्ही हसत होतात. आई तर पोट धरून. बाबा टेबलावर हात आपटत होते. म्हटलं, मी गेलो तर किती सुटल्यासारखं झालंय ह्यांना. मग दार नाही वाजवलं. थांब्यावरच रात्र काढली, सकाळच्या गाडीनं गेलो."

"आणि एवढ्यावरून?" मी किंचाळलेच. "एवढ्यावरून आईच्या मातीला आला नाहीस, मूर्खा?"

मग मला ती संध्याकाळ आठवली. मी मॅनसकडे बघितलं.

"मी हसवलं होतं त्यांना," मॅनस म्हणाला. "आई जेवेना. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला भीती वाटली. मी डोक्यावर पातेलं घातलं आणि इंजिन झालो. टेबलाभोवती धावलो, शिट्टी मारली आणि ओरडलो, ग्लासगोची गाडी आली हो! कॉन्डी आला, कॉन्डीला उतरू द्या! तेव्हा हसली आई."

मॅनसनं आता कुठे गाडीचा खटका बंद केला.

"मला ऐकू नाही आलं रे," कॉन्डी म्हणाला. "काचेतून नुसतं दिसलं." मग लहान पोरासारखं त्यानं मला विचारलं, "सेली, मी आलो म्हणून हसत होती आई?"

"हो," मी म्हटलं. "आणि मग रात्रभर रडली."

तो परत गेला नाही. म्हणजे मॅनसचं म्हणणं खरं झालं म्हणायचं. पण वसंत काही त्यानं बघितला नाही. आईच्याच खोलीत त्यानं प्राण सोडला. मयताच्या राती जागरणाला गाव जमलं, पॅकीनं एक थट्टा केली नाही. बाहेर जाऊन खुराड्यापाशी एकटाच रडत होता, मी पाहिलं.

मॅनस म्हणतो, "त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर?"

"सहा वर्षांचं पोर होतास, मेल्या!"

"हो. पण गाडी मीच चालवली, सेली."



मग त्यानं फळीवरच्या घराचं छप्पर उचकटलं आणि आत आमचं स्वयंपाकघर केलं. दिवा लावला. टेबल, हसणारी आई, बाबा, मी, आणि डोक्यावर पातेलं घातलेला दाण्याएवढा इंजिन-मॅनस. डब्यातून कॉन्डीला काढलं आणि खिडकीबाहेर अंधारात उभं केलं. गाडी पुढच्या थांब्यावर आहे, ती आता हलत नाही.

"आत घे रे त्याला," मी म्हटलं. "कोण बघायला येणार आहे?"

"तो आत आला नव्हता," मॅनस म्हणाला. गळलेला रिव्हेट जो उठवत नाही, तो हे कसं करणार?

तो रविवारी सकाळी प्रार्थनेला जातो. मी शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेलाच जाऊन येते. त्याची पावलं फाटकाबाहेर गेली की मी मागच्या खोलीत जाते, चिमट्यानं कॉन्डीला उचलते आणि आत आईशेजारी ठेवते. मग मीही चहा घेऊन तिथेच बसते. प्रार्थना सुटल्याची चर्चची घंटा झाली की उठायचं. मॅनस घरी यायच्या आत मलाच कॉन्डीला उचलून बाहेर नेऊन उभं करावं लागतं.