आबांनी मोजलेली सिंफनी

बीडला निजामाचं राज्य होतं तेव्हा शाळांना सुट्टी शुक्रवारची असायची. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि मावशीकडे राहत होते. लग्नाचं वय झालेली मुलगी परगावी नोकरीला ठेवली म्हणून आमच्या गावी, तलवाड्यात, लोक माझ्या वडिलांना बरंच बोलले. आबा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग, "झालं का तुमचं? मला रान नांगरायचंय," म्हणून उठून जायचे.

बीडबाहेर पालीच्या रस्त्याला तेव्हा एक छोटा दवाखाना होता. तिथली डॉक्टरबाई अमेरिकन. चाळिशीची, उंच, उन्हानं नाक कायम सोललेलं. दवाखान्यात तिचं दखनी उर्दूवर भागायचं, पण खेड्यातून येणाऱ्या बाया तिच्याशी बोलेनात, म्हणून तिला मराठी शिकायची होती. मी दर शुक्रवारी जाऊ लागले. तासभर मराठी झालं की ती मला चहा द्यायची आणि चावीच्या फोनोवर तबकडी लावायची.

त्या तबकड्या म्हणजे एक सिंफनी. तिच्या देशातल्या, तेव्हा हयात असलेल्या एका संगीतकाराची. नव्वदेक माणसं एकत्र बसून वाजवतात आणि गाणारं कुणीच नसतं, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवशी मी गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत बसले. चार मिनिटांनी बाजू संपायची, बाई तबकडी उलटवायची, सुई बदलायची, पुन्हा चार मिनिटं. अशा चार तबकड्या, आठ बाजू. संपल्यावर तिनं विचारलं, "कशी वाटला?"

"कसं वाटलं," मी दुरुस्त केलं. मग खरं ते सांगून टाकलं, "बाई, बाजारात सगळे एकदम बोलतात तसं वाटलं."

ती रागावली नाही. खळखळून हसली आणि पहिली बाजू पुन्हा लावली. "शब्दांची वाट पाहू नका. फक्त खालचा आवाज ऐका. जाडा आवाज." खाली, अगदी तळाशी, चार सुरांची एक ओळ हळू चालली होती. पहिल्या खेपेला ती मला ऐकूच आली नव्हती. "आता ही ओळ कुठे कुठे जाते, ते मला पुढच्या शुक्रवारी सांगा."

मी मास्तरीण, आणि मलाच गृहपाठ मिळाला! पण मी तो केला. पुढच्या शुक्रवारी ती ओळ मला बासरीत सापडली, त्याच्या पुढच्या खेपेला पितळी वाद्यांत, दुप्पट संथ झालेली. हळूहळू ती सिंफनी मला घरासारखी झाली. कुठल्या बाजूला काय आहे, कोण कुणाच्या मागून येतं, कुठं सगळे एकदम थांबतात, हे पाठ झालं. मुलींना गणित घालून वही तपासत असताना ते सूर डोक्यात चालू असायचे आणि माझं मलाच अप्रूप वाटायचं.

सिंफनीचे चार भाग होते, दोन-दोन बाजूंचे. त्यातला फक्त दुसरा भाग काही केल्या हाती लागेना. तो फार चपळ होता. ताल पकडला असं वाटेपर्यंत निसटायचा. बाई कॉलेजात व्हायोलिन वाजवायची, पण तीही म्हणाली, "इथे मी पण हरवते."

त्या उन्हाळ्यात आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मी हट्ट धरून त्यांना बीडला आणलं. बाईनं शस्त्रक्रिया केली, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि बजावलं की आठ दिवस मान हलवायची नाही. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. जन्मभर रानात वावरलेला माणूस दुसऱ्याच दिवशी वैतागला.

"मला असं मढ्यावानी कावून निजवलंय? मी उठतो आता."

"आबा, उठलात तर डोळा जाईल."

"जाऊ दे! एक बी दिस अजून न्हाई निघायचा माझ्यानं."

बाईनं मला खूण केली. तिनं आणि मी फोनो उचलून त्यांच्या खाटेशी आणला. मला मनातून लाज वाटत होती. आबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, कपिलधारच्या यात्रेला त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. हा कल्लोळ ऐकून ते काय बोलतील, आणि बाईला कळेल असं बोलतील, याची धास्ती होती.

पहिली बाजू संपली. मी तबकडी उलटवली. दुसरी संपली.

"किती जणं हायेत गं?"

"नव्वदेक."

"आन कुणीच कुणाच्या पायात येत न्हाई? लई शिस्तीची माणसं दिसतात. लाव पुढचं."

दुसरा भाग सुरू झाला तेव्हा त्यांचा उजवा हात चादरीवर हलायला लागला. दोन बोटं उठायची, पडायची, थांबायची. कपाळाला आठी पडली. बाजू संपल्यावर म्हणाले, "परत." पुन्हा लावली. "परत." बाईला बाहेर रोगी बघायचे होते, ती गेली. मी मात्र चावी देत राहिले. त्या दिवशी काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता उठायची भाषा मात्र त्यांनी सोडून दिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाते तो त्यांनी माझ्या पावलांचा आवाज ओळखला.

"पोरी, बाईसाहेबांना बोलीव. घावलं."

बाई हात पुसत आली. मी तबकडी लावली आणि आबा चादरीवर थाप देत मोठ्यानं मोजू लागले. पाच. पुन्हा पाच. मग आठ. पाच, पाच, आठ. मध्येच एकदा सात, आणि लगेच परत पाच. एकही थाप चुकली नाही.

"आमचा ठेका फिरून त्याच जागी समेवर येतो," ते म्हणाले. "ह्या गड्यानं समच हिंडती ठेवलीय. म्हणून तुमी हुडकत बसता एकीकडं आन ती असते दुसरीकडं. पर त्यानं मोजून ठेवलीय बरं का! वेडंवाकडं न्हाई."

बाई धावत आपल्या खोलीत गेली आणि त्या सिंफनीच्या स्वरलिपीचं छापील पुस्तक घेऊन आली. पानावर प्रत्येक ठिकाणी मात्रांचे आकडे होते. तिनं बोट ठेवून मला दाखवले. पाच, पाच, आठ. पुढच्या पानावर सात. ती खाटेशी खाली टेकली आणि आबांचा हात दोन्ही हातांत धरला. "दादा, मी हे पुस्तक पाहून मोजते. तरी चुकते. तुम्ही डोळे बांधून मोजला."

"मोजलं," मी दुरुस्त करायला हवं होतं. पण मी ते तसंच राहू दिलं. ज्याला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं त्या माझ्या बापानं सात समुद्रांपलीकडच्या माणसाचं लिहिलेलं वाचलं होतं.

पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग फोनोकडं. "एवढ्याशा पेटीत नव्वद माणसं?" म्हणाले आणि डोळ्यांना पाणी येईल म्हणून हसणं दाबलं.

तलवाड्यात मात्र त्यांच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसेना. त्यांचा टाळकरी दोस्त सगळ्यांपुढं म्हणाला, "काय बे, डोळ्यासंगं डोकं बी कापलं का तुझं?" ते बाईच्या कानावर गेलं. थंडी पडल्यावर ती फोनो घेऊन बैलगाडीतून आमच्या गावी आली. तबकड्या मी मांडीवर धरल्या होत्या. देवळासमोर दिवसाउजेडी सारं गाव जमलं. पहिल्या भागाला लोक कुजबुजले, काही उठूनही गेले. दुसऱ्या भागाला आबांनी पखवाज पुढं ओढला आणि त्या नव्वद जणांबरोबर थाप धरली. उठून गेलेले परत आले. दोस्तानं टाळ खाली ठेवले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "हरलो बाबा. मला न्हाई घावत."

त्याच संगीतकाराची आणखी एक सिंफनी पुढच्या वर्षी बाईकडे आली. या खेपेला मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पहिल्याच ऐकण्यात मी तिचा माग काढत शेवटपर्यंत गेले. आबा बीडला आले तेव्हा त्यांनाही ऐकवली. त्यातला संथ भाग लागला तसं त्यांनी गुडघ्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"ह्याची मात्रा कुठं हाय गं?"

"आबा, हे मोजायचं नाही. ती एकटी बासरी कशी पुढं सरकते, तेवढंच बघा. बाकीचे तिला वाट देतात."

ते हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. भाग संपल्यावर बाईनं त्यांना विचारलं, "दादा, कसं वाटलं?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "पोरीला इचारा. तिला माझ्यापेक्षा जास्ती कळतं."