रेश्माचा ठिपका

पडदा वर जातो. काष्टी गावातलं एक अंगण. दहाव्याची माणसं पांगली आहेत, गुंडाळलेल्या सतरंज्या भिंतीशी पडल्या आहेत. रंगभूमी सोडून पाच वर्षं झालेली मी नगरहून आले आहे. ओट्यावर रेश्मा बसली आहे, फोन मांडीत पालथा घालून.

मी कॉलेजची नाटकं बसवायचे तेव्हा ही पडदा ओढायची. संवाद नको म्हणायची. पण दोरी तिच्या हातात असली की मी निर्धास्त असे. आता ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. तिचा विषय मला तिनंच समजावला होता. एका चकतीत डोळ्यांना न दिसणारा ठिपका असतो, क्वांटम डॉट. त्यातून इलेक्ट्रॉन एकेक करून जातात. आतला बाहेर पडेपर्यंत पुढचा थांबतो. चुंबकाचा जोर वाढवला की ही ये-जा कशी बदलते, ते ती मोजत होती. म्हणजे विंगेतली गर्दीच आवरतेस की, असं मी म्हटल्यावर केवढी हसली होती.

हा ठिपका टिकतो द्रवरूप हेलियमच्या गारठ्यात. ते दर तीन दिवसांनी भरावं लागतं. एकदा ऊब लागली की पुन्हा थंड करूनही तोच ठिपका परत येत नाही. सात महिने चकत्या बदलून तिला हा एक मनासारखा मिळाला होता. निम्मी मोजणी बाकी होती, प्रबंधाची मुदत दोन महिन्यांवर. तेवढ्यात तिची आई, छबूबाई, गेली.

तिसऱ्या दिवशी सावडणं झाल्यावर रेश्मानं पुण्याला परतायला बॅग भरली. वडील, गोरक्ष, दारात उभे राहिले.

"धाव्याआधी लेक गेली तर छबूला काय वाटंल," एवढंच म्हणाले.

तिनं बॅग रिकामी केली. प्रयोगशाळेतल्या सोबतच्या शौनकनं दोनदा हेलियम भरलं. तिसऱ्यांदा पुरवठाच आला नाही.

मघाशी त्याचा फोन आला. टाकी कोरडी पडली होती. घरातलं मीठ संपल्याचं सांगावं तसं तिनं मला हे सांगितलं. जन्मभर मी रंगमंचावर रडले. तिच्या कोरड्या डोळ्यांपुढे मला हात कुठे ठेवावा कळेना.

गोरक्ष चहा घेऊन आले. स्वतः केलेला, साखर विसरलेला. फोन त्यांनी ऐकला होता.

"माज्यामुळं बिघडलं का गं तुजं? परत थंड करता येतंय न्हवं?"

रेश्मानं कप घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

"व्हय आबा. थंड केलं की हुतंय पयल्यासारखं."