सर्ब म्हणजे कोण

शुक्रवार, जानेवारीतला शेवटचा. कुवेतमध्ये, मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये हजर: मी, नवरा, मुलगी आणि तिने पसंत केलेला सर्बियन मुलगा, अहमदीत तिच्याच ऑफिसात इंजिनीअर. फोनच्या पडद्यावर नाशिकहून सासूबाई. विषय एकच: साखरपुड्याला त्या येणार की नाही.

हॉल, जेवण, व्हिसाचे कागद, सगळं मी मार्गी लावलं होतं. सासूबाईंची अट तेवढी माझ्या हातातली नव्हती. "हे सर्ब म्हणजे कोण? नावाचा अर्थ काय? कळल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही."

मुलाला मी आधीच बजावलं होतं, एकच अर्थ सांग, चांगला. तो म्हणाला, "पण नक्की कुणालाच माहीत नाही." आणि त्याने इंग्रजीत सगळंच सांगायला घेतलं. मी मराठी करत गेले. एका जुन्या सम्राटाने लिहून ठेवलंय, सर्ब म्हणजे गुलाम...

"गुलाम?"

"आई, पुढचं ऐका ना. अभ्यासक ते मानत नाहीत. कुणी म्हणतं राखणदार. कुणी म्हणतं एका दुधावर वाढलेले, आपल्याकडे दूधभाऊ म्हणतात तसे."

"स्वतःचं नाव धड ठाऊक नाही, त्याच्या घरी पोर द्यायची?"

"आजी, आपल्या आडनावाचा अर्थ सांग बरं!" मुलगी म्हणाली.

"आपल्याला कशाला लागतो? आपण आपले आहोत!"

नवरा हसला. तिथेच बिघडलं. सासूबाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मुलाने विचारलं. मी चहा ओतला. मग तोच सावकाश म्हणाला, "आमच्यात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. बापाकडून मुलाकडे येतो. वर्षातून एकदा त्याचा दिवस. मेणबत्ती लावतो, शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद करतो, पाहुण्यांनी घर भरतं."

कुलदैवत! कुठलंही स्थळ आलं की सासूबाई पहिलं तेच विचारतात. गोऱ्या मुलाला विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही.

मी लगेच फोन लावला. दिरांनी उचलला. "वहिनी, आई झोपलीय." मागून सासूबाईंचाच खणखणीत आवाज आला, "उद्यासुद्धा झोपलेली असेन म्हणावं!"

हॉल ठरलाय. व्हिसाचा अर्ज सहीपुरता थांबलाय. सासूबाईंना कुलदैवताचं सांगायचं अजून राहिलंय.