बोर्डावर छापलेली माझी चिठ्ठी

भाऊंनी बोर्ड आपटला नाही, माझ्यासमोर हळूच ठेवला. म्हणून मी जास्त घाबरलो.

अमरावतीच्या आमच्या शेडमध्ये आम्ही मोटरपंपाच्या ऑटो स्विचचे सर्किट बोर्ड जोडतो. भाऊ मालक, डिझाइन माझ्याकडे. मी कोकणातला, नववीत शाळा सुटलेली. सर्टिफिकेट न विचारता भाऊंनी मला कॉम्प्युटरवर बसवलं, राहायला खोली दिली.

हा बोर्ड त्यांनी अकोल्याच्या एका दुकानातून आणला होता. डिझाइन आमचंच, पण माल आमचा नाही. मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या शेजारी पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत मराठी छापलं होतं : 'भाऊंना विचार'.

"हे तूच लिहेल हाय ना?"

"हो."

"मंग अकोल्याले कसं गेलं?"

माझा पेन ड्राइव्ह त्यांनी मागून घेतला. दोन दिवस स्वतःची खुर्ची अशी लावली, की त्यांना माझी स्क्रीन दिसावी. मला आधी बोर्ड छापणाऱ्या फॅक्टरीचा संशय आला, मग स्वतःचाच. माझ्याच हातून फाईल कुठे राहिली असेल का? काम गेलं की खोलीही जाणार होती.

तिसऱ्या दिवशी ट्यूब पेटली. आमच्याकडे फाईल दोन प्रकारची. एक सॉफ्टवेअरची मूळ फाईल. तिच्यात सगळं असतं, कुठलाही पार्ट हलवता येतो. मी स्वतःसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्याही तिच्यात एका वेगळ्या लेयरवर असतात. दुसरी गर्बर. तिच्यात नुसती छापायची चित्रं, तांब्याचं वेगळं, अक्षरांचं वेगळं. फॅक्टरीला मी गर्बरच पाठवतो, आणि ती काढताना चिठ्ठ्यांचा लेयर बंद करतो. चिठ्ठी छापली गेली म्हणजे मूळ फाईलच बाहेर गेली होती, आणि तिकडे कोणी तो लेयर बंद केला नव्हता. ती दोघांकडेच होती. माझ्याकडे आणि भाऊंकडे.

"भाऊ, तुमचा मेल बघू का?"

मेल सापडला. अकोल्याच्या एका डीलरने 'ओपन फाईल पाठवा, फक्त पाहतो' असं लिहिलं होतं. ओपन फाईल म्हणजे मूळचीच. भाऊंनी घाईत अख्खा फोल्डर पाठवला होता.

भाऊंनी तो मेल पुन्हा वाचला.

"पाहाले मागतलं तं काय द्यायचं असते?"

"पीडीएफ."

"बनवाले?"

"गर्बर."

"आन मूळची?"

"कोणालाच नाही."

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या कीबोर्डवर ठेवला. मग म्हणाले, "आन मले विचारायचं काय होतं बे?"

सांगितलं. रिलेकडे जाणारी तांब्याची पट्टी बारीक वाटत होती, मोटरच्या करंटने तापेल, जाड करू का. त्या दिवशी ते चिडलेले होते, म्हणून विचारलं नाही. पुढे विसरलो.

भाऊंनी आमचा बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला.

"जाडच पाहिजे होती," ते म्हणाले.

आम्ही पट्टी जाड केली. अकोल्यातला बोर्ड अजून बारीक पट्टीवरच विकला जातोय. कोणाला कोणती फाईल द्यायची, हे आता मी ठरवतो. आणि शंका आली की चिठ्ठी लिहीत बसत नाही, उठून विचारतो. भाऊ चिडलेले असले तरी.