रकान्यातलं पडीक

पेणच्या खाडीकाठी आमचं खारातलं, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनीतलं शेत आहे. दोन वर्षांपूर्वी उधाणाने बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि उभं भात गेलं. अशा वेळी आमच्याकडे बांध पुन्हा घालतात, पण जमिनीला हात लावत नाहीत. दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग पुन्हा भात. बाहेरच्याला तिथे नुसतं उजाड दिसेल. मला तसं दिसायला नको होतं, मी त्यातच वाढलो.

आणि मी, शहाणा, रोह्याच्या नियोजन कार्यालयात सर्वेक्षक. तिथेच जवळ वरसेला ब्लॉक घेऊन राहतो. गोदामांच्या वसाहतीसाठी जागा बघायची होती, तेव्हा मे महिन्यात मलाच आमच्या खारात पाठवलं. फॉर्मवर रकाने दोनच: पिकाखाली, पडीक. मी पडीकवर टिक केली. कुणी दमदाटी केली नव्हती. ऊन होतं, घाई होती, बस्स. नंतर गावातल्या घरी बाबांकडे चहाला गेलो, तिथेही हे सांगितलं नाही.

पहिल्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "पाण्याबिण्याचा काही प्रश्न?" भराव पडला की उधाणाचं पाणी शेजारच्या शेतांत घुसणार, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, "पर्यावरणाचं पुढे बघतीलच ना, साहेब." साहेब खूश. नकाशावर रेघ पडली.

ते 'पुढे' म्हणजे जनसुनावणी. तोवर रस्ता, भराव, गाळे, सगळं ठरलेलं. मंडपात बाबा उठले, त्यांच्या मागे गावातले दहा-बारा जण. बाबांचा आवाज चढला. "जमीन पडीक नाय, ती मीठ सोडतेय! हे लिवणारा खारात पाय तरी ठेवून गेला व्हता का?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे गेले होते ना. तुमच्याच बाजूचे आहेत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता चार शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. मला लाज वाटायला हवी होती, पण आत सगळं बधिर. टेबलावरची पाण्याची बाटली तेवढी दिसत होती.

"ह्यानं लिवलंय?" बाबा हळू म्हणाले. "मग आमचीच काय तरी चूक झाली असंल."

आणि ते बसले. बापासमोर त्याच्या मुलाला खोटं कोण पाडणार? मागचेही एकेक करून बसले. साहेबांनी विचारलं, आणखी कुणाची हरकत? कुणी उठलं नाही.

इतिवृत्त मलाच लिहायचं होतं. लिहिलं, हरकत नाही.