निम्म्या तोंडाचा प्रयोग

कुठलीही गोष्ट खरी की खोटी, हे ती निम्मीच करून ठरवायचं, या तत्त्वावर सगळं आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला. आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते, भवानीनगरला राहायचे. उसाच्या एका पट्ट्याला नवं खत घालायचं, शेजारचा पट्टा तसाच कोरा ठेवायचा आणि तोडणीच्या वेळी शेतकऱ्याला बांधावर उभं करून म्हणायचं, "आता तूच बघ!" ही त्यांची नोकरी. वाईट एवढंच, की संध्याकाळी घरी येताना ते ही नोकरी कारखान्यात ठेवून येत नसत. चप्पल घेतली तर एका पायात चामड्याची आणि दुसऱ्या पायात टायरची, आधी कुठली झिजते ते बघायला. घराची पुढची भिंत निम्मी चुन्याची, निम्मी रंगाची. पावसाळ्यानंतर निकाल लागायचा होता, तो माझ्या माहितीप्रमाणे अजून लागलेला नाही. मी बारामतीत शाळामास्तर. मलाही त्यांनी सल्ला दिला होता, "मास्तर, निम्म्या वर्गाला छडी मारा, निम्म्याला मारू नगा. कुठला पिकतोय बघा." मी म्हणालो, दाजी, दोन्हीकडे सारखाच दुष्काळ आहे. "मंग बियाण्यात न्हाय, पेरणाऱ्यात खोट हाय," असं म्हणून ते शांतपणे सुपारी कातरायला लागले.

असा माणूस पन्नाशीला टेकल्यावर आरशासमोर बसून तोंडाला मलम लावायला लागला, हे ऐकून माझा विश्वास बसला नाही. दाजींचे वडील मेंढरं राखायचे. त्या घरात पुरुषाच्या तोंडाला पाण्याशिवाय काही लागलं असेल, तर ते दिवाळीचं उटणं आणि बेंदराला बैलाच्या शिंगांवरून उडालेला रंग. स्वतः दाजींचा चेहरा वर्षानुवर्षं फटफटीवर ऊन खाऊन असा झाला होता, की भेगाळलेल्या रानात उभे राहिले की माती कुठं संपते आणि दाजी कुठं सुरू होतात ते कळू नये. त्याचं त्यांना कधी सोयरसुतक नव्हतं.

कारण होती आमची अक्का. दाजींच्या गावी, पळसदेवच्या शेतात उन्हातान्हात राबून तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग उठले होते. तेवढ्यावर भागलं असतं. पण आठवड्याच्या बाजारात एका फिरत्या माणसानं तिला बिननावाची डबी दिली, आणि ते मलम लावल्यावर गाल भाजल्यासारखे सोलून निघाले. डाग होते त्याहून गडद झाले. तेव्हापासून अक्का पदर तोंडावर ओढून घ्यायला लागली. हळदीकुंकू बंद, बारसं बंद, फोटोचं तर नावही काढायचं नाही. त्यातच तिच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं, वैशाखातलं. अक्कानं जेवताना घरच्या सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कन्यादानाला धाकल्या जावंला बसवा. मी मागं चुलीपाशी हाय." भाची रडायला लागली. दाजी नुसतं ताट बाजूला सारून उठले. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात माझी बहीण धुरात लपून बसणार, हे मलाही सोसणारं नव्हतं.

दाजींनी तिला बारामतीला आणलं. कातडीच्या डॉक्टरकडे मीही बरोबर गेलो. डॉक्टर तरुण होता, शहाणा होता, आणि त्यानं खरं ते सांगितलं: डाग पुरते जातीलच असं नाही, पण फिके होतील. उपाय साधा. तोंड सौम्य साबणानं धुवायचं, ओलसर असतानाच ओलावा धरून ठेवणारं मलम लावायचं आणि बाहेर पडताना वरून उन्हाचं मलम. "रोज. कंटाळा न करता," तो म्हणाला.

दाजींचे डोळे लकाकले. "म्हंजी आदी मशागत, मंग पाणी, आन् वर पाचटाचं आच्छादन! आवो डाक्टर, हे तर आमी उसाला करतोय. आजवर तोंडाला करायचं कुणी सांगितलंच न्हाय."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

घरी आल्यावर अक्कानं ट्यूबा फळीवर ठेवल्या आणि त्यांना हात लावायला साफ नकार दिला. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ती ताक फुंकून प्यायलाही तयार नव्हती. दाजी फारच धरून बसल्यावर ती वैतागून म्हणाली, "आदी तुमी लावा. जळलं तर तुमचं जळू दे!" कुठलाही शहाणा नवरा अशा वेळी विषय बदलतो. दाजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या गालाला मलम लावलं. डावा गाल कोरा ठेवला.

मग ते रोजचंच झालं. कॉलनीतली माणसं दात घासत बाहेर यायची, तेव्हा दाजी ओसरीवर पाटावर बसलेले, पुढ्यात भाचीचा आरसा. कपाळाच्या मध्यावरून हनुवटीपर्यंत त्यांनी मनातल्या मनात बांध घातला होता. मी विचारलं, नाकाचं काय? "नाक सामाईक," ते म्हणाले. "त्याला दोनी बाजूचं पाझरून जेवढं मिळंल तेवढं." तेव्हा केबल नुकतंच आलं होतं आणि गोरं करणाऱ्या मलमांच्या जाहिराती घरोघर चालायच्या; पण त्यातली कुठलीही नटी इतक्या गंभीरपणे आरशात बघत नसेल. उन्हं चढली की दाजी फटफटी थांबवून चिंचेखाली उजवीकडे पुन्हा मलम लावायचे आणि ऊसतोड करणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून खिदळायच्या. अक्का तेवढी त्यांच्याकडे बघायची नाही. प्रयोग तर तिच्यासाठीच चालला होता.

फाल्गुन उजाडेपर्यंत दाजींच्या तोंडाचे दोन तालुके झाले. उजवा गाल मऊ, तुकतुकीत. डावा भेगांचा, रापलेला. अशा अवस्थेत ते लग्नाचं आवतण द्यायला कऱ्हाटीला चुलत्यांकडे गेले. हे आबा ऐंशीच्या घरातले, नजर अधू. त्यांनी दाजींचं तोंड दोन्ही हातांत धरून चाचपलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरा, एका अंगावरनं वारं गेलं आन् आमाला कळवलं न्हाय व्हय?" दाजींनी समजावायचा खूप प्रयत्न केला. पण पन्नाशीचा बाप्या निम्म्या तोंडाला मलम लावतो, यापेक्षा त्याच्या तोंडावरून वारं गेलं यावर विश्वास ठेवणं कुणालाही सोपं जातं. बातमी सगळ्या भावकीत पसरली. लग्न पुढं ढकलावं का, अशी कुजबूजही सुरू झाली.

पुढच्या रविवारी मी भवानीनगरला गेलो, तर दारात चपलांचा ढीग. माणसं नारळ आणि मोसंबी घेऊन बसलेली आणि दाजींशी मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलत होती; वारं गेलेल्या माणसाला ऐकूही कमी येतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. आबा स्वतः एसटीनं आले होते. त्यांच्या पिशवीत दोन जिवंत पारवे होते. "पारव्याचं रगत चोळलं की वारं उतरतं," ते सांगत होते आणि पिशवी त्यांच्या मांडीवर एकसारखी फडफडत होती. दाजी बिचारे "आबा, मला काय झालं न्हाय" म्हणत होते, आणि सगळे एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

हे स्वयंपाकघरातून ऐकता ऐकता अक्काचा संयम सुटला. चहाची किटली दाणकन खाली ठेवून ती बाहेर आली. इतक्या माणसांत ती कित्येक महिन्यांत आली नव्हती. तिनं सरळ दाजींची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं.

"काय वारं गेलंय वारं! हे बघा, ही बाजू मलम लावल्याली. हात लावून बघा, निस्तं लोणी झालंय. आन् ही न लावल्याली. कुठं वाकडं दिसतंय का तोंड?"

आबांनी चष्मा चढवला, दोन्ही गाल निरखले. मग तसंच वर अक्काकडे बघत म्हणाले, "आन् सूनबाई, तुज्या तोंडाला गं काय झालं?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की रागाच्या भरात पदर खांद्यावर आलाय. मला वाटलं, आता ही आत पळणार आणि लग्नापर्यंत बाहेर येणार नाही. अक्काचा हात पदराकडे गेला, तिथंच थोडा थांबला, आणि पुन्हा खाली आला.

"उन्हानं झालंय, आबा," ती म्हणाली. "मीबी उद्यापास्नं लावणार हाय."

आबांनी अंगणात जाऊन पारवे सोडून दिले. ते उडून गेले नाहीत, कौलांवरच बसून राहिले.

वैशाखात पळसदेवला लग्न झालं. धरणाचं पाणी ओसरून त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, आणि काठावरच्या मांडवात अक्का दाजींच्या शेजारी कन्यादानाला बसली होती. पदर डोक्यावर, तोंड उघडं. डाग गेले नव्हते, फिके झाले होते. डॉक्टर खरं बोलला होता. फोटोत दाजींचा एक गाल चकाकतो आणि दुसरा गाल जणू फोटोला आलेलाच नाही. पण अक्का हसते आहे, आणि तो फोटो मी आजही जपून ठेवला आहे.

वरात गेल्यावर मी म्हणालो, "दाजी, निकाल लागला. आता डावीकडं पण लावा की."

ते हळू आवाजात म्हणाले, "न्हाय, मास्तर. तिच्या मनात मधीच येतं, काय फरक न्हाय म्हणून. मंग ती ट्यूब ठिवून देती. तवा हा डावा गाल दावावा लागतोय. कोरा पट्टाच न्हाय ठिवला, तर माणसानं इस्वास कशावर ठिवायचा?"

आणि खरंच, तो गाल त्यांनी तसाच ठेवला. भेगाळलेला, खरखरीत, तिच्यासाठी राखून. माझ्या बहिणीवर कुणी इतकं प्रेम करेल असं मला तिच्या लग्नात वाटलं नव्हतं, हे मी इथं सांगून टाकतो.

आता ते निवृत्त होऊन पळसदेवला असतात. मागच्या उन्हाळ्यात दुपारी गेलो, तर दाजी ओसरीवर आडवे झाले होते, डोळे मिटलेले. अक्का शेजारी बसून बोटाच्या टोकानं त्यांच्या डाव्या गालाला हलकेच मलम लावत होती. मला बघून तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि काम संपवून चहा टाकायला आत गेली.

"मास्तर," दाजी डोळे न उघडता म्हणाले, "सगळा कोरा पट्टा बिघडवला तुमच्या अक्कानं. रोज दुपारी येती."

"मग सांगा की तिला."

"नगं," ते म्हणाले. "मी जागा असतोय, हे तिला ठावं न्हाय." आणि ते कुशीवर वळले, डावा गाल वर करून.