कातडं सोडवायची हत्यारं

देवगाव फाट्याजवळ गाडीच्या धडकेनं एक हरीण मेलं. वन खात्याच्या परवानगीनं ते आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात येणार होतं. त्याचं कातडं काढून, कमावून, साच्यावर चढवायचं आणि हरीण जिवंतासारखं उभं करायचं. हे काम सरांच्या हाताखाली आम्ही चौघं शिकणार होतो. आधी सरावाला एक मेलेलं करडू. हत्यारं ज्याची त्यानं निवडून आणायची होती. सरांनी यादी दिली नाही.

मी परभणीत सर्जिकलच्या दुकानात गेले आणि धारदार पातं मागितलं.

"कशाला पाहिजे?"

"कातडं काढायला."

दुकानदार थांबला. "कशाचं, ताई?"

"करडाचं. मेलेल्या."

"मग मटणवाल्याकडं जावा की. आमी तर माणसं शिवायचं सामान ठेवतो."

तरी त्यानं पाती, चिमटे, सुया काउंटरवर मांडल्या. मला प्रत्येक वस्तूबद्दल विचारावंसं वाटत होतं. सुई वाकडी का? चिमट्याला दात कशाला? दात असले की पकड सुटत नाही, पण पातळ जागी भोक पडतं, असं त्यानं सांगितलं. हरणाच्या कानाची कातडी किती पातळ असते, ते मला ठाऊक नव्हतं. मी बिनदाताचा चिमटा घेतला, वाकडी सुई घेतली, आणि सगळ्यात मोठं पातं.

घरी जाताना ताडकळसच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि वडिलांना कसं सांगावं ते सुचत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आजोबा लहान असताना त्यांच्या वडिलांबरोबर गावची मेलेली ढोरं ओढायचे, सोलायचे. धम्म स्वीकारला त्या वर्षी घरानं ते काम सोडलं. गाव रुसलं, तरी परत धरलं नाही. वडील हे ताठ मानेनं सांगतात. ते नको म्हणाले तर हरणाला हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

वडिलांनी पातं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मी सगळं सांगितलं.

"कुणी सांगितलं हे काम? तुलाच सांगितलं का?"

"न्हाई बाबा. चौघांना."

"कोण कोण हाय?"

मी सांगितलं.

"पाटलाचा बी?"

"तो बी. त्याला आताच प्रयोगशाळेतला वास सहन होईना."

वडील हसले. मग त्यांनी पातं परत निरखलं.

"एवढं मोठं पातं कशाला आणलं?" ते म्हणाले. "तुझा आजा सांगायचा, सुरी फक्त चिरेपुरती. कातडं सुरीनं न्हाई निघत. ढोराला मूठ, बारक्याला अंगठा."

"म्हणजे?"

त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बाहीखाली अंगठा सरकवून दाखवला. दाबायचं मांसाकडं, ओढायचं कातडं. त्यांनी स्वतः हे कधी केलेलं नव्हतं.

"शिकायचं हाय तर शीक," ते म्हणाले. "पण गावातून कुणी ढोर वढायला बोलावलं तर जायचं न्हाई. कितीबी गोड बोलू दे."

"न्हाई जाणार."

दुसऱ्या दिवशी करडाच्या पोटावर मी बोटभर चीर दिली आणि पातं खाली ठेवलं. अंगठा आत घातला. ओल्या कागदाचे थर सुटावेत तसं कातडं सुटत गेलं. मला त्याचं इतकं नवल वाटलं की आजूबाजूला कोण आहे, याचं भान राहिलं नाही. शेजारी पाटलाच्या मुलानं तोवर दोन भोकं पाडली होती.

"हे कुठं शिकलीस?" सरांनी विचारलं.

पुस्तकात वाचलं, असं म्हणता आलं असतं. तोंडात तेच आलं होतं.

"आमच्या आजोबांच्या घरात हे काम होतं, सर," मी म्हणाले. "त्यांनी सोडलं. वडिलांनी काल रीत सांगितली."

पाटलाच्या मुलानं पातं बाजूला ठेवलं.

"अंगठा कुठून घालायचा?" त्यानं विचारलं.